जाड प्लेस्टेशन २ मध्ये आता चिप बसवावी का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मामांनी २००४ साली इंग्लंडहून आणलेला जाड बांध्याचा प्लेस्टेशन २, मॉडेल एससीपीएच-५०००३, बारा-तेरा वर्षे माळ्यावर पडून होता आणि तो आता मुलाला खेळायला द्यायचा आहे. यंत्र सुरू होते, पण डिस्क कधी वाचते, कधी वाचत नाही. जवळच्या दुरुस्तीवाल्याने ‘चिप’ बसवून, सोबत खेळ भरलेली ३२० जीबीची हार्ड डिस्क जोडून, सगळ्याचे मिळून साडेचार हजार रुपये सांगितले आहेत. नव्या टीव्हीला एचडीएमआयने जोडता येईल का, आणि थोडेफार सोल्डरिंग येत असल्यामुळे हे काम घरीच करावे का, असेही आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. चिप बसवू नये. आपल्या हाती असलेल्या मॉडेलला एकही तार न जोडता तेच सर्व काही करता येते, आणि ज्या बदलानंतर यंत्र पुन्हा मूळ स्थितीत आणता येते तोच बदल मी वीस वर्षांच्या जुन्या यंत्रावर करतो. मी स्वतः एके काळी अशा शंभराहून अधिक चिपा बसवल्या आहेत, त्यामुळे हे सोवळेपणाने बोलत नाही.

चिपेचे प्रयोजन काय होते ते आधी पाहू. प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये जपानमध्ये आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत आला. त्याच्या अस्सल डिस्कवर अशी खूण असते की जी घरच्या डीव्हीडी रायटरने उमटवता येत नाही, आणि ती खूण सापडली नाही किंवा डिस्क दुसऱ्या भूभागासाठी असली तर यंत्र ती नाकारते. चिप म्हणजे हा नकार टाळण्यासाठी मुख्य बोर्डावर बसवलेला एक छोटा प्रोसेसर. बोर्डाची आवृत्ती आणि चिपेचा प्रकार यांनुसार वीस-पंचवीस किंवा त्याहूनही अधिक बारीक तारा बायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम साठवलेल्या भागाच्या, आणि आजूबाजूच्या पायांवर सोल्डर कराव्या लागत. त्या काळी लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत यंत्र विकत घेताना ‘चिपवालं की विदाऊट’ हा पहिला प्रश्न असे, कारण मूळ डिस्कची किंमत सामान्य घराला परवडत नव्हती आणि रस्त्यावरच्या डिस्क चिपेशिवाय चालत नव्हत्या.

आता आपल्या यंत्राचे खरे दुखणे पाहा. ते डिस्क वाचत नाही, म्हणजे अडचण लेन्समध्ये, तिच्या रुळांत किंवा डिस्क धरून ठेवणाऱ्या भागात आहे. चिप बसवल्यावरही डिस्क त्याच लेन्सने वाचायची असते. त्यातही रायटरवर जाळलेल्या डीव्हीडीचा पृष्ठभाग छापील डिस्कपेक्षा कमी प्रकाश परत फेकतो, त्यामुळे थकलेल्या लेन्सला ती वाचणे अधिकच जड जाते. दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार होईल. शिवाय ५०००० मालिकेतल्या आणि त्यानंतरच्या यंत्रांत चिप बसवल्यावर लेन्सची कॉइल जळाल्याच्या तक्रारी जगभर आल्या होत्या. त्यावर उपाय म्हणून कारागीर एक छोटे संरक्षक सर्किट वेगळे जोडत असत. ज्या दुरुस्तीवाल्याने आपल्याला दर सांगितला, त्याला ‘लेन्स वाचवणारे सर्किट घालणार का?’ असे विचारून पाहा. तो बुचकळ्यात पडला, तर उत्तर मिळालेच.

चिप नको म्हणण्याचे आणखी एक कारण माझ्या टेबलावरचे आहे. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याकडचे एक गृहस्थ असेच जाड यंत्र घेऊन आले. खेळ सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पडदा काळा होत असे. झाकण उघडून भिंगाखाली पाहिले, तर चिपेच्या तारा जागच्या जागी राहाव्यात म्हणून कोणीतरी भरपूर पिवळा गोंद ओतलेला होता, आणि उष्णतेने तो गोंद तपकिरी होऊन दगडासारखा कडक झाला होता. त्याखाली बायोसच्या तीन पायांवर हिरवट बुरशीसारखा थर होता, कारण डबीतली आम्लयुक्त सोल्डर पेस्ट वापरून ती नंतर पुसलीच नव्हती. गोंद सुटावा म्हणून मी अल्कोहोल घालून अर्धा तास थांबलो, तरी एक तार निघताना तिच्याबरोबर बोर्डावरचा तांब्याचा पॅडही उचलून आला. शेवटी चिप पूर्ण काढली, तुटलेली वाट बारीक तारेने जोडली, आणि यंत्र जसे कारखान्यातून आले होते तसे व्यवस्थित चालू लागले. चिपेने त्या मालकाला काही वर्षे आनंद दिला असेल हे खरे, पण यंत्राचे आयुष्य तिनेच कमी केले होते.

तेव्हा पहिला खर्च बदलावर न करता साफसफाईवर करावा. यंत्र उघडण्यापूर्वी विजेची वायर काढा आणि निदान तासभर थांबा. जाड मॉडेलमध्ये विजेचा पुरवठा पेटीच्या आतच असतो, आणि २३० व्होल्ट एकदिश झाल्यावर त्याच्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असतात. त्या भागाला हात लावण्याचे आपल्या कामात काहीच कारण नाही. तळाचे स्क्रू रबरी आणि प्लॅस्टिकच्या टोप्यांखाली दडलेले असतात. त्या टोप्या टोकदार चिमट्याने काढून एका वाटीत ठेवा. वरचे झाकण एकदम उचलू नका. पुढच्या रीसेट आणि इजेक्टच्या बटणांना जोडलेली एक पातळ पट्टी आत बोर्डाकडे जाते, आणि नवशिक्याच्या हातून सर्वांत आधी तीच फाटते. झाकण जरा वर करून आत डोकावा, पट्टी ज्या जागी चिकटवलेली असेल तेथून ती सोडवा आणि मगच झाकण बाजूला ठेवा.

डिस्कच्या खणाचे झाकण काढल्यावर लेन्स दिसते. कापसाच्या काडीला ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती हलक्या हाताने गोलाकार पुसावी. अत्तर, स्पिरिट किंवा काच पुसायचे द्रव चालत नाही. त्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे लेन्स ज्या दोन दांड्यांवरून सरकते त्या. इतक्या वर्षांनी त्यांवरचे पांढरे ग्रीस मेणासारखे घट्ट होते, आणि लेन्स आतल्या कडेची माहिती वाचून बाहेर सरकताना अडते. जुने ग्रीस पूर्ण पुसून त्या जागी प्लॅस्टिकला चालणारे पांढरे ग्रीस बोटाच्या टोकाएवढेच लावावे. माझ्याकडे ‘लेन्स गेली’ म्हणून येणाऱ्या यंत्रांतली बरीचशी एवढ्यानेच बरी होतात. तरीही डिस्क वाचत नसेल, तर लेन्सच्या कडेला असलेल्या छोट्या पांढऱ्या दंतचक्राने तिचा कल किंचित बदलता येतो. त्याला हात लावण्यापूर्वी मूळ जागेवर पेन्सिलीने खूण करा, एका वेळी एकच दात फिरवा, आणि फरक पडला नाही तर खुणेवर परत या. लेन्सच्या पाठीवरचे छोटे पोटेन्शियोमीटर, म्हणजे वीज कमी-जास्त करणारे स्क्रू, मात्र फिरवू नयेत; त्यामुळे लेसरला जास्त वीज जाऊन काही दिवस यंत्र झकास चालते आणि मग कायमचे बंद पडते.

लेन्स खरोखरच संपली असेल, तर आपल्या मॉडेलला केएचएस-४००सी नावाचा भाग लागतो. बाजारात मिळणारे बहुतेक सुटे भाग नवे म्हणून विकले जातात, पण ते जुन्या यंत्रांतून काढून चमकवलेले असतात, हे गृहीत धरून परतीची हमी देणाऱ्याकडूनच घ्यावा. नवी लेन्स स्थिर विजेने जळू नये म्हणून तिच्यावर सोल्डरचा एक बारीक टिपका मुद्दाम ठेवलेला असतो आणि त्याने दोन पॅड एकमेकांशी जोडलेले असतात. पट्टी बोर्डाला लावल्यानंतर तो टिपका गरम आयर्नने उचलून घ्यायचा असतो. तो तसाच राहिला तर लेन्स काहीच वाचत नाही, आणि ग्राहक ‘माल खराब निघाला’ म्हणून चांगली वस्तू परत पाठवतो. आपले सोल्डरिंग इथे कामी येईल. या साऱ्या प्रकरणात आयर्न तापवण्याची गरज मला एवढ्या एकाच ठिकाणी दिसते.

आता हार्ड डिस्ककडे येऊ. आपल्याकडे जाड मॉडेल आहे, हे नशीबच समजा. त्याच्या पाठीमागे हार्ड डिस्कसाठी एक रिकामा खण आहे, आणि तो कोणा कारागिराने केलेला नसून सोनीनेच दिलेला आहे. सोनीने स्वतः त्यासाठी ४० जीबीची डिस्क आणि नेटवर्क अडॅप्टर विकला होता. अडॅप्टर मागच्या बाजूला दोन स्क्रूंनी बसतो, डिस्क त्याच्या आत जोडली जाते, आणि पेटीचा एकही मुख्य स्क्रू काढावा लागत नाही. नको वाटले तर पाच मिनिटांत सगळे बाहेर येते. याच कारणाने मी चिपेऐवजी हा मार्ग सुचवतो.

अडॅप्टर घेताना दोन प्रकार दिसतील. पहिला सोनीचा मूळ अडॅप्टर, ज्यात नेटवर्क केबलचे छिद्र आणि जुन्या पद्धतीची रुंद आयडीई जोडणी असते. आयडीई डिस्क आता मिळत नाहीत आणि मिळाल्या तर त्या म्हाताऱ्याच असतात, पण मूळ अडॅप्टरमधला आयडीईचा छोटा बोर्ड काढून त्या जागी साटा या नव्या पद्धतीच्या जोडणीचा बोर्ड बसवता येतो. तो स्क्रू आणि जोडणीने बसतो, सोल्डर लागत नाही. दुसरा प्रकार फक्त साटा जोडणी असलेल्या चिनी नकलांचा, ज्यांना नेटवर्कचे छिद्र नसते. या नकला स्वस्त आहेत आणि बऱ्याच ठिकाणी ठीक चालतात, मात्र काहींचे स्क्रू यंत्राच्या भोकांशी नीट जुळत नाहीत आणि अडॅप्टर तिरका बसतो. तिरका बसलेला अडॅप्टर जोर लावून घट्ट करू नका. मागची लांब जोडणी नाजूक असते आणि तिचा एखादा पाय वाकला तर तो सरळ करणे जिकिरीचे होते. मला दोन्हींतून निवड करायला सांगितली तर मी मूळ अडॅप्टर अधिक साटा बोर्ड घेईन, कारण घरच्या संगणकावरून केबलने खेळ पाठवण्याची सोय त्यातच राहते. आपल्या मुलाला फक्त खेळायचे असेल, तर मात्र नक्कल पुरेशी आहे.

मागवायचे कोठून, हा प्रश्न आपल्याकडे थोडा अडचणीचा झाला आहे. असे सुटे भाग ज्या चिनी संकेतस्थळावरून आम्ही सर्रास मागवत होतो, ते अलीएक्सप्रेस नोव्हेंबर २०२० पासून भारतात बंद आहे. त्यामुळे ईबेवरचे परदेशी विक्रेते किंवा आधीच आयात करून ठेवणारे भारतीय विक्रेते, असे दोनच रस्ते उरतात. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि कुरियर कंपनीचे हाताळणी शुल्क धरून किंमत मोजा, नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असे होते. विक्रेत्याला अडॅप्टरच्या दोन्ही बाजूंचे, आणि विशेषतः मागच्या लांब जोडणीचे, स्पष्ट छायाचित्र मागा. इंटरनेटवरून उचललेले चित्र दाखवणाऱ्याकडून घेऊ नका.

दुरुस्तीवाल्याच्या ३२० जीबीच्या डिस्कविषयी मला खास सांगायचे आहे. या क्षमतेच्या बहुतेक डिस्क आता सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून किंवा कार्यालयांच्या भंगार संगणकांतून निघालेल्या असतात. सीसीटीव्हीची डिस्क रात्रंदिवस लिहीत असते, त्यामुळे चार वर्षांत ती पस्तीस हजार तास फिरून झालेली असते. डिस्क संगणकाला जोडून तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, दाखवणारे कोणतेही मोफत साधन उघडा, आणि किती तास चालली आणि किती सेक्टर (माहिती साठवण्याचे कप्पे) बदलावे लागले, हे दोन आकडे पाहा. दुसरा आकडा शून्याच्या वर असेल तर ती डिस्क फुकटही घेऊ नका. त्यापेक्षा २४० किंवा ५०० जीबीचा साधा नवा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, घ्यावा. यंत्राची स्वतःची जोडणी जुनी असल्यामुळे खेळ त्याने वेगाने पळतील अशी अपेक्षा धरू नका. फायदा इतकाच की आवाज नाही, उष्णता कमी आणि वीज कमी. २ टीबीच्या वरची डिस्क घेऊन उपयोग नाही, कारण प्लेस्टेशनच्या स्वतःच्या पद्धतीने आखलेली डिस्क त्यापुढे वापरता येत नाही. आणि खण साडेतीन इंची डिस्कसाठी असल्यामुळे अडीच इंची एसएसडीला प्लॅस्टिकची चौकट घ्या, नाहीतर तो नुसत्या जोडणीवर लोंबकळतो.

डिस्कवरून यंत्र सुरू करण्यासाठी फ्री एचडीबूट नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते संगणकावरूनच डिस्कवर लिहायचे, डिस्क खणात लावायची, आणि यंत्र सुरू होताच नवा मेनू दिसतो. याचाच मोठा भाऊ म्हणजे फ्री मॅकबूट, जो २००८ मध्ये आला आणि मेमरी कार्डावर राहतो. तो ५०००३ वर चालतो, पण त्यासाठी मॅजिकगेट ही सोनीची संरक्षण पद्धत ओळखणारे कार्ड लागते, आणि स्वस्त नकली कार्डांवर तो टाकला तर काही महिन्यांत कार्डच हरवल्यासारखे होते. सोनीचे मूळ ८ एमबीचे कार्ड त्यासाठी पुरते. या दोन्हींतून ओपन पीएस२ लोडर चालवायचा, आणि तो डिस्कवर साठवलेले खेळ दाखवतो. एक जुनी पण हमखास घडणारी चूक सांगून ठेवतो. प्लेस्टेशनच्या पद्धतीने आखलेली डिस्क परत संगणकाला जोडली की विंडोजला ती कोरी वाटते आणि ती ‘फॉरमॅट करायची का?’ किंवा ‘इनिशियलाइज करायची का?’ असे विचारते. तिथे सवयीने ‘हो’ दाबले की रात्रभर भरलेले सगळे जाते. माझ्याकडे याच कारणाने तीन वेळा परत आलेले एक ग्राहक आहेत. चौथ्या वेळी मी त्यांच्या डिस्कवर मार्करने ‘नाही म्हणा’ असे लिहून दिले.

पेनड्राइव्हवरून खेळ चालवता येत नाहीत का, असे आपण पुढे विचाराल म्हणून सांगतो. चालतात, पण प्लेस्टेशन २ ची यूएसबी जोडणी पहिल्या पिढीची, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिटची आहे. प्रत्यक्षात सेकंदाला एक मेगाबाइटच्या आसपास. यंत्राची स्वतःची डीव्हीडी चौपट वेगाने वाचते, म्हणजे पाच मेगाबाइटहून अधिक. त्यामुळे पेनड्राइव्हवर छोटे खेळ ठीक चालतात, पण मधले चलचित्र आले की ते अडखळते. मेमरी कार्डाच्या खाचेत बसणारे एसडी कार्डाचे अडॅप्टरही मिळतात आणि ते यूएसबीपेक्षा बरे आहेत. आपल्याकडे खण असताना मात्र या दोन्हींच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

आता ‘खेळ भरलेली’ या शब्दाविषयी. मी कायद्याचा जाणकार नाही, परंतु या धंद्यात राहून दोन कलमे माहीत करून घेणे भाग पडले. आपल्या प्रताधिकार कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात, २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आले. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंतची कैद आणि दंडही सांगितला आहे. त्यात ‘हेतू’ हा शब्द आहे, हे लक्षात घ्या. दुसरीकडे त्याच कायद्याचे ५२ वे कलम कायदेशीरपणे बाळगलेल्या संगणक प्रोग्रॅमची, तो हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून तात्पुरती प्रत काढण्याची मुभा देते. दोनशे अनोळखी खेळ भरून विकणाऱ्याला या दुसऱ्या कलमाचा आधार मिळणार नाही. मी स्वतः ग्राहकाला रिकामी डिस्क देतो आणि त्याच्याकडच्या अस्सल डिस्कांवरून प्रत कशी काढायची ते दाखवतो. जाताजाता: आपल्या संग्रहात खालची बाजू निळी असलेल्या डिस्क असतील, तर त्या सीडी आहेत, त्यांची प्रत संगणकावर डीव्हीडीपेक्षा वेगळ्या पद्धतीने काढावी लागते, आणि त्या खराब झालेल्या नाहीत. मामांच्या संग्रहात २००९ साली हैदराबादच्या कंपनीने काढलेला हनुमानावरचा खेळ निघाला, तर तो जपून ठेवा. या यंत्रासाठी भारतात बनलेले खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

टीव्हीचा प्रश्न सोपा आहे, पण त्यात फसवणूक जास्त. पाठीमागच्या एव्ही जोडणीत बसणारे अंगठ्याएवढे एचडीएमआय अडॅप्टर काहीशे रुपयांत मिळतात आणि ते ‘१०८०पी’ असे छापून विकले जातात. ते चित्र सुधारत नाहीत. यंत्रातून जे ४८० किंवा ५७६ ओळींचे चित्र येते तेच डिजिटल करून पुढे ढकलतात. तरीही टीव्हीला घटक रंगांची, म्हणजे कंपोनंटची हिरवी-निळी-लाल छिद्रे नसतील, तर हा अडॅप्टर घ्यायला हरकत नाही. लावण्यापूर्वी जुन्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल केबलने यंत्र सुरू करा आणि सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये कंपोनंट व्हिडिओ आउट ही नोंद वाय-पीबी-पीआर या प्रकारावर ठेवा. ती आरजीबीवर राहिली तर रंग वेडेवाकडे दिसतात आणि माणूस अडॅप्टरला शिव्या देतो. टीव्हीला कंपोनंटची छिद्रे असतील, तर चांगली कंपोनंट केबल त्या अडॅप्टरपेक्षा स्वच्छ चित्र देते. आत बोर्डावर सोल्डर करून बसवायचे एचडीएमआय संचही परदेशात मिळतात आणि त्यांचे चित्र खरोखर देखणे असते. पण ग्राफिक्स चिपेच्या केसासारख्या पायांवर पातळ पट्टी सोल्डर करण्याचे ते काम आहे, आणि ज्याने असे काम आधी भंगार बोर्डावर दहा वेळा केलेले नाही, त्याने चांगल्या यंत्रावर करू नये. आपल्या ‘थोडेफार’ या शब्दाचा मान राखून, मी नाही म्हणेन.

आपले यंत्र इंग्लंडचे असल्यामुळे एक चिंता कमी आहे. मॉडेलच्या शेवटचा ३ म्हणजे ब्रिटन, आणि तिथलीही वीज २३० व्होल्टचीच. शेवटी ० असलेली जपानी जाड यंत्रे १०० व्होल्टची असतात, आणि ती भेट म्हणून आणून थेट आपल्या सॉकेटात खुपसल्यामुळे धूर निघालेली मी पाहिली आहेत. आपल्याला फक्त ब्रिटिश चौकोनी पायांची वायर बदलायची आहे. मागे आठच्या आकड्यासारखे जे छिद्र आहे, त्यात रेडिओला लागते तीच दोन पायांची वायर बसते. प्लगच्या जाड अडॅप्टरवर अडॅप्टर चढवू नका; सैल जोडणीने ठिणग्या पडतात.

कदाचित कोणी आपल्याला ‘यापेक्षा स्लिम घ्या’ असा सल्ला देईल. सप्टेंबर २००४ मध्ये जाहीर झालेल्या स्लिम मॉडेलमध्ये नेटवर्कचे छिद्र आतच आहे, पण हार्ड डिस्कचा खण नाही. ७०००० मालिकेत तर लेन्सची पट्टी वर फुगून फिरणाऱ्या डिस्कला घासण्याचा दोष आहे. पहिल्यांदा मी असे यंत्र दुरुस्त केले तेव्हा मला हे माहीत नव्हते. साफ करून, समाधानाने झाकण लावून दिले, आणि त्या गृहस्थांच्या अस्सल डिस्कवर कंपासने काढावे तसे वर्तुळ उमटले. डिस्क मी भरून दिली. शेवटच्या ९०००० मालिकेतल्या उशिराच्या यंत्रांत, म्हणजे पाठीवरच्या लेबलवर ८सीच्या पुढची खूण असलेल्यांत, फ्री मॅकबूट चालत नाही आणि वेगळे सॉफ्टवेअर शोधावे लागते. आपल्याजवळचे जाड यंत्र त्याहून उजवे आहे. ते विकू नका.

एक छोटी गोष्ट राहिली. आपले यंत्र दर वेळी सुरू करताना भाषा आणि वेळ विचारत असेल, तर आतली सीआर२०३२ बटण-बॅटरी संपली आहे. यंत्र साफसफाईसाठी उघडालच, तेव्हा तीही बदलून घ्या, आणि ती बदलल्यानंतर झाकण लावण्यापूर्वी एकदा चालवून पाहा.

आणि कशालाही हात लावण्याआधी, मामांचे जुने मेमरी कार्ड यंत्रात घालून यंत्राच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे कार्डावरच्या नोंदी दाखवणाऱ्या मेनूत, काय आहे ते पाहा. त्यावर बहुधा २००५-०६ मधले त्यांनी अर्ध्यावर सोडलेले खेळ असतील. फ्री एचडीबूट चालू झाल्यावर त्यातल्या यूलाँचएल्फ या फाइल-साधनाने त्या कार्डाची पूर्ण प्रत पेनड्राइव्हवर काढून संगणकात ठेवा, आणि कार्डाच्या मागे बारीक चिकटपट्टी लावून तारीख लिहा. नवा मेनू टाकण्यासाठी ते कार्ड वापरू नका. त्यासाठी दुसरे घ्या.